मिशीच्या मुळाशी ‘कुठे?’

घरात उंदीर शिरल्याची खात्री पटली की माळ्यावरचा तारेचा पिंजरा खाली येतो, आकड्याला खोबऱ्याचा तुकडा नाहीतर उरलेलं भजं अडकवलं जातं, आणि घरातलं कुणीतरी वडीलधारं माणूस हटकून सांगतं, “मधोमध नको ठेवूस, भिंतीला लावून ठेव.” कारण विचारलं तर अनुभवाचं उत्तर मिळतं: उंदीर कडेकडेनंच पळतो. अनुभव खरा आहे. ओट्याखाली, फडताळामागे, गोदामातल्या पोत्यांच्या थप्पीलगत त्याच्या जाण्यायेण्याचे मळकट, तेलकट पट्टे दिसतात ते भिंतीच्या पायथ्याशीच. उघड्यावर शिकाऱ्याच्या नजरेला पडण्याची भीती हे या सवयीचं एक कारण. पण मिट्ट काळोखात, नजर कुचकामी ठरते तेव्हाही हा प्राणी भिंतीपासून बोटभर अंतर राखून सुसाट धावतो. आपटत नाही आणि वाटही सोडत नाही. हे कसं जमतं, याचं उत्तर त्याच्या नाकाच्या दोन्ही अंगांना असलेल्या केसांत आहे. भिंतीकडच्या बाजूच्या मिशा धावताना भिंतीला सतत घासत असतात. अंधारात भिंत कुठे आहे ते त्याला या घासण्यातून कळतं.

या मिशा कशा चालतात, समोरची वस्तू नेमकी कुठे आहे हे त्या कशा सांगतात, आणि ते समजून घेण्यासाठी शंभराहून अधिक वर्षं काय काय करून पाहिलं गेलं, त्याची ही ओळख आहे.

आरंभीच शब्दांचा एक गुंता सोडवायला हवा. मराठीत ‘उंदीर’ या एका शब्दात दोन वेगळे प्राणी मावतात. प्रयोगशाळेतला पांढरा ‘रॅट’ हा नॉर्वे रॅट या जातीचा पाळीव वंशज, तर ‘माऊस’ त्याच्यापुढे अगदीच पिटुकला. त्यांच्या मिशांचं काम सारखं असलं तरी वेग आणि मोजमापं निराळी आहेत. म्हणून इथे रॅटला ‘मोठा उंदीर’ आणि माऊसला ‘छोटा उंदीर’ म्हटलं आहे. ‘मिशी’ हा शब्दही इथे एका केसासाठी वापरला आहे. आणखी एक गैरसमज आताच दूर केलेला बरा. रात्री भिंतीकडेनं चिरचिरत जाणारी चिचुंद्री अनेकांना लांब नाकाचा उंदीरच वाटते. ती कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातली नाही. तो किडे खाणाऱ्या प्राण्यांचा स्वतंत्र वंश आहे. मिशांचा उपयोग मात्र त्या वंशालाही उत्तम जमतो. चिचुंद्रीची सुमारे दोन ग्रॅम वजनाची एट्रस्कन नावाची भावंडं रातकिड्यांवर झडप घालताना सावज हुडकतात ते मिशांनीच.

उंदराच्या गालावर मोठ्या, हलत्या अशा तीसेक मिशा असतात. त्या कशाही उगवलेल्या नसतात. पाच आडव्या ओळी, प्रत्येक ओळीत मागून पुढे आखूड होत गेलेल्या मिशा, अशी ही शिस्तशीर मांडणी प्रत्येक उंदरात जवळपास तीच असते. इतकी की शास्त्रज्ञ एकेका मिशीला तिच्या पत्त्यानं ओळखतात. ओळींना ए ते ई ही अक्षरं आणि ओळीतल्या जागेला आकडा. ‘सी-२’ म्हटलं की जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत गालाच्या मध्यावरची तीच एक मिशी समजली जाते. याखेरीज ओठांभोवती आखूड, न हलणाऱ्या मिशांचं दाट रान असतं. मायकेल ब्रेख्त आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये या दोहोंच्या कामाची वाटणी दाखवून दिली: लांब मिशा वस्तूची जागा शोधतात, आणि वस्तू तोंडाशी आली की ती काय आहे हे आखूड मिशा चाचपतात.

मिशी स्वतः निर्जीव असते. आपल्या नखासारखीच ती केराटिनची बनलेली असते, तिच्यात चेतातंतू नाही की रक्त नाही. कात्रीनं कापली तर दुखत नाही. सगळी जाण तिच्या मुळाशी असते. मिशी जिथून उगवते त्या कूपाभोवती रक्तानं भरलेली एक पोकळी असते आणि एकेका मोठ्या मिशीच्या मुळाशी शंभर-दीडशेहून अधिक चेतातंतूंची टोकं येऊन भिडलेली असतात. टोकाला काही लागलं की मिशी वाकते, कंप पावते, मुळाशी पिळवटते, आणि ही टोकं त्या हालचालीची बातमी मेंदूला देतात. अंध व्यक्तीच्या हातातल्या पांढऱ्या काठीशी याचं जवळचं नातं आहे. काठीला काही जाणवत नसतं. जाणवतं ते तळव्याला. पण काठी वापरणाऱ्याला पायरी तळव्यात लागत नाही, काठीच्या टोकाशी लागते.

काठी आणि मिशी यांच्यात दुसरंही एक साम्य आहे आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. काठी नुसती धरून ठेवली तर तिचा फारसा उपयोग होत नाही, ती फिरवावी लागते. मोठा उंदीर नव्या जागी आला की मिशा पुढे-मागे झाडू लागतो: सेकंदाला पाच ते पंधरा वेळा, साधारणपणे आठेक वेळा. छोट्या उंदराचा वेग याहून जास्त असतो. साध्या डोळ्यांना नाकापाशी नुसती थरथर दिसते. वेगवान कॅमेऱ्यानं पाहिलं तर एक लयबद्ध वल्हवणं दिसतं. प्रत्येक मिशीच्या मुळाला गोफणीसारखा वेढा घातलेला स्वतंत्र स्नायू असतो. तो आकसला की मूळ मागे ओढलं जातं आणि टोक पुढे झेपावतं. अमेरिकी शास्त्रज्ञ वॉली वेल्कर यांनी 1964 मध्ये नोंदवलं की हे झाडणं, हुंगणं आणि डोक्याची पुढे-मागे हालचाल एकाच तालात चालते. पुढे डेव्हिड क्लाइनफेल्ड आणि मार्टिन डेशेन यांच्या गटानं 2013 मध्ये दाखवलं की या तालाची नाळ मेंदूच्या देठातल्या श्वासाच्या केंद्राशी जुळलेली आहे. उंदीर वास घेतो आणि स्पर्श करतो तो एकाच श्वासात, हे शब्दशः खरं आहे.

पिलं हे जन्मतः करत नाहीत. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, डोळे उघडण्याच्या आगेमागे त्यांच्या मिशा डोलू लागतात.

या केसांना गंभीरपणे घेणारं पहिलं मोठं काम स्टेला व्हिन्सेंट यांचं. शिकागो विद्यापीठात काम करताना त्यांनी 1912 मध्ये पांढऱ्या मोठ्या उंदरांवरचा दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांना चक्रव्यूहातून वाट काढायला लावली, मग मिशा कापून पुन्हा धावायला लावलं. मिशा गमावलेले उंदीर जास्त चुकले, जास्त अडखळले. त्या काळात उंदीर हा मानसशास्त्राचा लाडका प्राणी होऊ घातला होता, पण सगळ्यांचं लक्ष तो काय शिकतो याकडे होतं. शिकताना जग त्याच्यापर्यंत कसं पोहोचतं, हा प्रश्न विचारणारं फार कुणी नव्हतं. व्हिन्सेंट यांनी तो विचारला. त्यांचं नाव या विषयाबाहेर आज फारसं कुणाला ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

त्यानंतरचा मोठा टप्पा गाठायला जवळपास सहा दशकं गेली, आणि तो टप्पा गाठला गेला सुरीची दिशा बदलल्यामुळे. मेंदूचा पृष्ठभाग, म्हणजे बाह्यक, थरांचा बनलेला असतो. थर दिसावेत म्हणून त्याचे काप उभे घ्यायचे, ही रूढ पद्धत. थॉमस वूल्सी हे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी होते. त्यांचे वडील क्लिंटन वूल्सी यांनी मेंदूवरचे शरीराचे नकाशे काढण्यात मोठं काम केलेलं होतं. थॉमस आणि त्यांचे मार्गदर्शक हेंड्रिक व्हान डर लोस यांनी छोट्या उंदराच्या बाह्यकाचे काप आडवे, पृष्ठभागाला समांतर, कांद्याचा पापुद्रा सोलावा तसे घेतले. चौथ्या थरात त्यांना पेशींची गोल-लांबट कडी दिसली. रांगेनं मांडून ठेवलेल्या पिंपांकडे वरून पाहावं तशी. पाच रांगा, आणि प्रत्येक रांगेतली संख्या गालावरच्या मिशांशी जुळणारी. एका मिशीला मेंदूत एक पिंप! 1970 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि ‘बॅरल’ हाच शब्द रूढ झाला. याच रचनेची एक झलक स्पेनमध्ये राफाएल लोरेन्ते दे नो या तरुणानं 1922 मध्येच पाहिली होती. पण तो भाग ऐकण्याचा आहे असं त्याला वाटलं.

लगेच पुढचा प्रश्न आला: पिंपं आधी, की मिशा? 1973 मध्ये व्हान डर लोस आणि वूल्सी यांनी नवजात पिलांच्या मिशांची एक ओळ मुळापासून नाहीशी केली. पिलं वाढल्यावर त्यांच्या मेंदूत त्या ओळीची पिंपं बनलेलीच नव्हती, आणि शेजारच्या ओळींची पिंपं मोकळ्या जागेत पसरली होती. म्हणजे मेंदूतला नकाशा आधीच छापून ठेवलेला नसतो, गालावरून येणाऱ्या तंतूंच्या आधारानं तो आयुष्याच्या पहिल्या काही दिवसांत आखला जातो. आजही मेंदूची घडण कशी होते हे शोधणाऱ्यांसाठी ही पिंपं हमरस्त्यासारखी आहेत. लोझान, रेहोवोत, त्रिएस्ते अशा ठिकाणच्या प्रयोगशाळांत कित्येकांची कारकीर्द या तळहातभरही नसलेल्या जागेवर गेली आहे.

पण नकाशा सापडला म्हणून कोडं सुटलं नाही. सी-२ मिशीला काही लागलं की सी-२ चं पिंप जागं होतं, एवढ्यानं वस्तू कुठे आहे हे कळत नाही. कारण मिशी स्वतःच हलत असते. ती मागे असताना काही लागलं की पुढे असताना? टोकाला लागलं की मुळाजवळ? नुसत्या ‘लागलं’वरून ‘कुठे’ कसं काढायचं?

इथे हा विषय खरा रंगतो. वाइत्समान संस्थेतले एहुद अहिस्सार आणि त्यांचे सहकारी 2000 नंतरच्या दशकात ज्या उत्तरापर्यंत पोहोचले ते असं: जागेची तीन मापं तीन वेगळ्या भाषांत येतात. उंचीचं माप सोपं आहे. कोणत्या ओळीतली मिशी लागली, यावरून वस्तू वर आहे की खाली ते कळतं. आडव्या दिशेचं माप वेळेतून येतं. मिशी मागून पुढे झेपावत असताना स्पर्श लवकर झाला तर वस्तू मागे, उशिरा झाला तर वस्तू पुढे. आणि अंतराचं माप जोरातून येतं. मिशी मुळाशी जाड आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली असते. निरगुडीचा एखादा फोक हातात घेऊन खिडकीच्या गजावर मारून पाहावा: हाताजवळ लागला तर झटका कडक बसतो, टोकाशी लागला तर फोक नुसता लवतो. मिशीच्या मुळाशी असलेल्या तंतूंनाही हाच फरक जाणवतो. वस्तू जितकी जवळ, तितका त्यांचा मारा दाट.

यातली आडव्या दिशेची गोष्ट पुन्हा पाहायला हवी, कारण तिच्यात एक अडचण दडली आहे. स्पर्श लवकर झाला की उशिरा हे ठरवायचं तर झेप कधी सुरू झाली आणि मिशी या क्षणी कुठे पोहोचली, हे मेंदूला ठाऊक असायला हवं. माणसाच्या हाताच्या स्नायूंत ताण मोजणारे सूक्ष्म अवयव असतात, म्हणून डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे ते कळतं. मिशी हलवणाऱ्या स्नायूंत तसे अवयव आढळत नाहीत. मग? मार्चिन श्वेड, कनारिक बगदासारियन आणि अहिस्सार यांनी 2003 मध्ये मोठ्या उंदराच्या चेतापेशींची नोंद घेतली तेव्हा त्यांना मिशीच्या मुळाशी जोडलेल्या पेशींत वेगवेगळे गट सापडले. काही पेशी फक्त स्पर्शाला उत्तर देत. काही पेशी मात्र मिशी मोकळ्या हवेत डोलत असतानाही, कशालाही न लागता, झेपेच्या ठरावीक टप्प्यावर बोलत. काही दोन्ही सांगत. ‘मी इथवर आले’ आणि ‘मला लागलं’, या दोन्ही बातम्या मिशी एकाच मुळातून पाठवते. या दोहोंची सांगड कशी पडते याची एक खूण 2009 मध्ये मिळाली. जॉन कर्टिस आणि क्लाइनफेल्ड यांना बाह्यकात अशा पेशी दिसल्या, ज्या स्पर्शाला सर्वांत जोरात उत्तर देतात तो स्पर्श झेपेच्या त्यांच्या पसंतीच्या टप्प्यावर झाला तरच. वेळेचं भाषांतर जागेत होतं ते असं.

हे किती बारकाईनं होतं? पेर क्नुट्सेन, माचेय पिएत्र आणि अहिस्सार यांनी 2006 मध्ये मोठ्या उंदरांना अंधारात दोन बाजूंचे दोन उभे खांब मिशीनं चाचपून त्यातला कोणता पुढे आहे ते सांगायला शिकवलं. सर्वांत सरस कामगिरीत 0.24 मिलिमीटरचाही फरक ओळखला गेला. दोन शेजारच्या मिशांमधलं अंतर याच्या कितीतरी पट असतं. म्हणजे मिशांच्या जाळीपेक्षाही बारीक मोजणी होते, आणि ती हालचालीशिवाय शक्य नाही. याच प्रयोगातली दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावते. ज्यांना सुरुवातीपासून दोन्ही गालांवर एकेकच मिशी ठेवली होती, त्या उंदरांना हे काम शिकताच आलं नाही. पण जे पूर्ण मिशांनिशी शिकले, त्यांच्या नंतर एक सोडून बाकी मिशा काढल्या तरी कामगिरी ढासळली नाही. शिकायला एकाहून अधिक लागतात. शिकून झाल्यावर एक पुरते.

हटसन आणि मास्टरटन यांचा 1986 चा प्रयोगही इथे सांगायला हवा. अंधारात फळीच्या टोकाशी आलेला मोठा उंदीर पुढे झुकून मिशा लांबवतो, पलीकडची फळी लागली की फटीवरून उडी मारतो. एकच मिशी शिल्लक ठेवली तरी तो हे करतो. पण त्या मिशीचं मेंदूतलं पिंप निकामी केलं की उडी थांबते. आणि तरीही, बाहेरून कुणी ती मिशी हलवली तर ते त्याला कळतं! केसाला कुणी हात लावल्याचं कळणं आणि केस पुढे करून जग शोधणं, या मेंदूसाठी दोन निराळ्या गोष्टी आहेत. या विषयाचा गाभा हाच आहे. आपण त्वचेला अंगावर येईल ते टिपणारी गोष्ट मानतो. उंदराची मिशी मात्र प्रत्येक झेपेत विचारणा करत असते.

विचारण्याची रीतही ती बदलते. एका बाजूच्या मिशांना अचानक काही लागलं की त्या बाजूच्या मिशा आखडत्या होतात, तर दुसऱ्या बाजूच्या अधिक पुढे झेपावतात. शेफील्डच्या टोनी प्रेस्कॉट यांच्या गटानं 2007 मध्ये याचा असा अर्थ लावला की उंदीर वस्तूवर मिशा दाबत नाही. हलके, पण जास्तीत जास्त स्पर्श मिळवतो. उंदीर डोकं वळवणार असला की मिशा आधी त्या दिशेशी जुळवून घेतात. पोताच्या बाबतीत 1990 मध्ये जॉर्ज कारव्हेल आणि डॅनियल सायमन्स यांना आढळलं की गुळगुळीत पृष्ठभाग आणि केवळ 30 मायक्रॉन खोल चरे असलेला पृष्ठभाग यांतला फरक मोठा उंदीर मिशांनी ओळखतो; माणसाच्या बोटाशी तुलना व्हावी अशी ही नजाकत आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मित्रा हार्टमन यांच्या गटानं 2016 मध्ये दाखवलं की वारा कुठून येतो हेही उंदीर मिशांवरून हेरतो. दोन उंदीर भेटतात तेव्हा नाकाला नाक लावून मिशांनी मिशा चाचपतात. झाडावरच्या खारींना तर पुढच्या पायांच्या मनगटाशीही असे स्पर्शाचे केस असतात. खोडावरून सरसर उतरताना ते किती उपयोगी पडत असतील!

या सगळ्या ज्ञानाची किंमत उंदरांनीच मोजली आहे, हे इथे स्पष्ट लिहायला हवं. पांढऱ्या पिंजऱ्यात जन्मून तिथेच संपलेल्या अगणित जिवांच्या मिशा कापून, उपटून, त्यांच्या मेंदूत तारा घालून हे कळलं आहे. कापलेली मिशी पुन्हा वाढते. निकामी केलेलं पिंप परत येत नाही. जे कळलं त्याचा थोडा लाभ तरी त्या प्राण्याला व्हावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. घरात हॅमस्टर किंवा पांढरे उंदीर पाळणाऱ्यांनी हौसेनं त्यांच्या मिशा छाटू नयेत. एकत्र ठेवलेल्या छोट्या उंदरांत एखादा बाकीच्यांच्या मिशा कुरतडून टाकतो, हेही प्रयोगशाळांना चांगलं ठाऊक आहे. तसं दिसलं तर त्याकडे दुर्लक्ष करू नये.

आणि घरात शिरलेल्या उंदराचं काय? धान्य नासतं, पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, त्यामुळे त्याला बाहेर काढणं भागच असतं. पण आता बाजारात गोंद फासलेले चिकट पुठ्ठे मिळतात, आणि तेही भिंतीच्या कडेलाच ठेवायला सांगतात. भिंतीवर भरवसा ठेवून धावणारा उंदीर त्यावर अडकतो तेव्हा पाय, कातडी आणि मिशा चिकटतात. सुटण्यासाठी झटताना प्रत्येक हिसक्यासरशी ओढ बसते ती मिशीच्या मुळाशी, जिथे शंभर-दीडशे तंतू येऊन भिडलेले असतात, आणि हे तासन् तास चालतं. उंदीर धरायचाच असेल तर जुना तारेचा पिंजरा काढावा, भिंतीला लावून ठेवावा आणि सकाळी उठल्याबरोबर पाहावा. चिकट पुठ्ठा मात्र घरात आणू नये.